आग्नेलचा जबडा

कॅथरिनला बोलता येत नाही, असं वसईच्या कचेरीत इंग्रजीतून सांगण्यात आलं, आणि तेही ती समोर उभी असताना. सांगणारा होता जगन्नाथरावांचा वकील. त्याने तिच्याकडे साधं बघितलंसुद्धा नाही. मामलेदारांकडे तोंड करून तो एक लांबलचक वाक्य बोलला, त्यात 'आर्टिक्युलेट' असा काहीतरी शब्द दोनदा आला, मामलेदारांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली. झालं. भुईगावाहून ही बाई उजाडायच्या आत निघालेली, सकाळभर बाकावर बसून अवघडलेली, आणि पदरात पडलं काय, तर पंधरा दिवसांनी या आणि येताना नीट बोलणारं माणूस आणा.

बाहेर आल्यावर तिने पट्टेवाल्याला गाठलं आणि वकील काय म्हणाला ते विचारलं. पट्टेवाला दात कोरत होता. तो म्हणाला, तुम्हाला बोलता येत नाही म्हणाले, तुमच्या बोलण्याचा आगापिछा लागत नाही, तेव्हा तुमच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलावं.

आता ह्याला काय म्हणावं? बावन्न वर्षांची बाई. पापडीच्या बाजारात तिने तोंड उघडलं की दोन टोपल्यांपलीकडचं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं. आणि तिला म्हणे बोलता येत नाही. मामलेदारांनी विचारलं होतं, जमीन तुम्ही कसता का. आता ह्याचं उत्तर काय 'हो' एवढंच असतं? तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं. सासऱ्याने विहीर कशी खणली, पाणी लागायच्या आत दोनदा कडा कशी ढासळली, पहिली केळ कोणी लावली. ती तिच्या घरच्या बोलीत बोलली, भुईगावातली किरिस्तांव माणसं बोलतात तशी. मामलेदार घाटावरचे, त्यांना अर्धं कळलं नाही. कारकुनाला अर्धंही कळलं नाही, म्हणून त्याने लेखणी खाली ठेवली. दोष त्यांच्या कानांचा, आणि नाव ठेवलं हिच्या तोंडाला.

रस्ताभर तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. गिरिजच्या वळणावर ओळखीच्या बाईने हटकलं तर ही थांबलीसुद्धा नाही.

भांडण होतं बावीस गुंठ्यांच्या वाडीचं. सन अठ्ठावन्न चाललं होतं. कूळकायदा आला होता, जो कसतो त्याची जमीन होणार असं सरकार म्हणत होतं, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कुदळीला हात लावला नाही अशा मालकांना अचानक आपण शेतकरी असल्याची आठवण व्हायला लागली होती. जगन्नाथराव त्यांतलेच. वाडी त्यांच्या नावावर, पण सासरा, मग नवरा आणि नवऱ्याच्या मागे अकरा वर्षं कॅथरिन, अशी ती कसत आलेली. दरवर्षी केळीचे लोंगर आणि नारळ मालकाच्या ओटीवर पोचायचे. त्याचा चिठोराही कोणी लिहून दिला नाही आणि मागितलाही नाही. सातबाऱ्यावर कसणाऱ्याच्या रकान्यात तलाठ्याने लिहून ठेवलं होतं 'खुद्द', म्हणजे मालक स्वतः कसतो. जगन्नाथराव आता सांगत होते की कॅथरिन आमच्याकडे मजुरीवर येते. तिच्याजवळ कागद नव्हता. होता तो फक्त शब्द, तिचा आणि शेजाऱ्यांचा. आणि शेजारी सगळे जगन्नाथरावांचीच कुळं, ज्याला त्याला आपापल्या वाडीची धास्ती. बॅप्टिस्ट येतो म्हणाला आणि आदल्या दिवशी त्याची पाठ धरली. मेरीने तर विहिरीवर तिला बघून घागर अर्धी भरूनच पाय काढला.

शाळेतले क्लेमेंट मास्तर तेवढे तिच्या बाजूचे. पण ते तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले, त्यांची साक्ष कोण धरणार? कॅथरिन तडक त्यांच्या घरी गेली आणि तो शब्द जसा ऐकला तसा म्हणून दाखवला. मास्तरांना आधी कळेना. मग त्यांनी जाडजूड कोश काढला, चष्मा पुसला आणि पान सापडल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मास्तरलोकांचं हे असंच. दुसऱ्याचं घर जळत असलं तरी चांगला शब्द सापडला की खूश.

ते सांगायला लागले. आर्टिक्युलेट म्हणजे स्पष्ट बोलणारा, एकेक उच्चार सुटा सुटा करून बोलणारा. मनातला विचार नीट जुळवून मांडणारा, तोही. आणि गंमत म्हणजे, ज्याला सांधे आहेत तोही. हाडाला हाड जिथे मिळतं तिथे हाच शब्द, आणि दोन तुकडे हलते राहतील असे जोडलेले असले तर त्या जोडालाही हाच.

"म्हणजे मला बोलता येत नाही आणि हाडंही जुळवता येत नाहीत, असं म्हणाला तो?" कॅथरिनने विचारलं.

मास्तर गडबडले. म्हणाले, नाही हो कॅथरिनबाय, त्याला फक्त पहिलाच अर्थ म्हणायचा होता.

"मग पुरता शब्द शिकून यायचा होता त्याने."

ती चिडली ते उगीच नव्हतं. भुईगावात, अर्नाळ्यापर्यंत म्हणा ना, कोणाचा खांदा निखळला, कोपर सरकलं, मनगट मुरगळलं की माणूस कॅथरिनच्या दारात यायचा. ही विद्या सासूची. सासूने हात शिकवला तसे नियमही शिकवले. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, पान-सुपारीसुद्धा नाही. आणि बोलणं सोडायचं नाही. खांदा असला तर दुखणाऱ्याला बोलतं ठेवायचं, सकाळी काय खाल्लंस, म्हैस किती दूध देते, काहीही. माणूस बोलण्यात गुंतला की अंग सैल सोडतो, आणि त्याच क्षणी ओढायचं. 'शेर दीड शेर' म्हणता म्हणता हाड उखळीत जाऊन बसतं आणि दुधाचा हिशोब अर्धाच राहतो.

जबड्याची गोष्ट मात्र उलटी. जबडा निसटला की माणसाचं तोंड उघडं ते उघडंच, बोलणार काय? तिथे हातांनी काम करायचं आणि बोलणं मागून. सांधा बसला का हे सासू बोटांनी चाचपून ठरवत नसे, कानांनी ठरवायची. जबडा बसला की माणसाला गावातल्या क्रुसापासून त्याच्या घरापर्यंत वाटेवरच्या वाड्या ओळीने म्हणायला लावायच्या, ज्या नावाने गाव ओळखतं त्याच नावाने. ती नावं तोंडात लहानपणापासून बसलेली असतात, त्यांना विचार करावा लागत नाही. त्यांत ओठांची अक्षरं येतात, दातांची येतात, घशाची येतात. एखादं अक्षर जरी ढिलं पडलं तर सांधा अजून काठावर आहे, परत अंगठे घाला. बिचाऱ्या सासूला अ की ब येत नव्हतं, पण स्पष्ट बोलणं सांध्यावर बसलेलं असतं हे तिला कोशावाचून माहीत होतं. मास्तरांनी ज्याला गंमत म्हटलं ती ह्या घरात दोन पिढ्यांची रीत होती.

पुढल्या तारखेला मास्तर रजा टाकून सोबत आले. मी तुमच्या वतीने बोलतो म्हणाले. कॅथरिनने त्यांना सांगितलं की या, शेजारी बसा, पण बोलणार मीच.

कचेरीच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि ती तिथेच थबकली. समोरच्या बाकावर जगन्नाथराव, त्यांच्या बाजूला वकील आणि वकिलाच्या बाजूला, नवा सदरा घालून, आग्नेल. तिच्या कुंपणाला लागून ज्याचं घर तो आग्नेल. त्याच्या आईच्या बाळंतपणात कॅथरिन रात्रंदिवस उशाशी बसलेली. आणि हा बसला होता जगन्नाथरावांचा साक्षीदार होऊन. त्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर छपराकडे नेली.

कशासाठी, हे तिला विचारावं लागलं नाही. आग्नेलच्या परसात विहीर नव्हती. वर्षानुवर्षं तो तिच्या विहिरीवरून पाणी नेत होता आणि तिने कधी ब्र काढला नव्हता. आता तीच विहीर त्याला जगन्नाथरावांनी कबूल केलेली असणार. जे फुकट मिळत होतं ते मालकीचं व्हावं म्हणून हा तिच्या गळ्यावर पाय द्यायला आला होता. मेल्याला लाज कशी वाटली नाही? तिच्या तोंडात शिवी आली, पण कचेरी होती, तिने ती गिळली.

पुकारा काही होईना. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. मामलेदारांसमोर कामणकडचं कसलंसं बांधाचं भांडण चालू होतं, ते संपता संपेना. उकाडा मरणाचा. सगळे पेंगायला लागले. आग्नेलने एक जांभई दिली, मग दुसरी दिली, आणि तिसरी दिली ती मिटलीच नाही.

कॅथरिनने ती बघितली आणि तिला लगेच कळलं. कळणार नाही तर काय, आग्नेलचा जबडा तिने ह्याआधी दोनदा बसवला होता. एकदा तो चरेम्यात, उपवासाच्या दिवसांत पाद्रींचं प्रवचन चालू असताना असाच जांभई देताना निसटला होता आणि पाद्रींना वाटलं होतं की हा माणूस आपलं बोलणं आ वासून ऐकतोय. एकदा लग्नात हसताना. सैल सांधा तो, एकदा सवय लागली की लागली.

आग्नेल उठून उभा राहिला. तोंड उघडं, हनुवटी पुढे आलेली, डोळ्यांत पाणी, आणि लाळ नव्या सदऱ्यावर. घशातून नुसता 'आ, आ' असा आवाज. वकील दचकून मागे सरकला. कोणी म्हणालं फेफरं आलंय, कांदा हुंगवा. जगन्नाथरावांनी डॉक्टरला बोलवायला माणूस पळवला, तो परत आला की डॉक्टर विरारला गेलेत, संध्याकाळी येतील. तेवढ्यात आतून पुकारा झाला. वकील आत धावला, पुढची तारीख मागितली. मामलेदार कंटाळलेले होते. त्यांनी साफ सांगितलं, आता तारीख नाही. अर्ध्या तासात साक्षीदार उभा करा, नाहीतर आहे त्यावर निकाल देतो.

मग जे झालं ते बघायला सबंध भुईगाव तिथे असायला हवं होतं. जगन्नाथराव स्वतः उठले, धोतराचा सोगा सावरत कॅथरिनच्या बाकापाशी आले आणि म्हणाले, "कॅथरिन, याचं बघ जरा."

याचं बघ जरा. जसं काही माळ्यावरचं मडकं काढून दे. तिचं घर मोडायला आणलेलं हत्यार बोथट झालं, तर धारही तिनेच लावून द्यायची. मास्तरांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की कॅथरिनबाय, उठू नका. ह्याच्याशिवाय त्यांच्या हातात नुसता सातबारा आहे, आणि तालुक्यातल्या सगळ्याच सातबाऱ्यांवर 'खुद्द' लिहिलेलं आहे, मामलेदार त्याला किंमत देत नाहीत. अर्धा तास नुसत्या बसून राहा. संध्याकाळी डॉक्टर येईल, हा काही मरत नाही.

खरंच होतं ते. तिने काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं, आणि बावीस गुंठे तिचे. ती बसली. जगन्नाथराव समोर उभे, मास्तरांचा हात तिच्या मनगटावर. तिने आग्नेलकडे बघितलं नाही, मुद्दाम नाही बघितलं. पण तो 'आ, आ' आवाज कानांवर येत होता, आणि तो ऐकून तिचे अंगठे आपोआप पदरात गुंडाळले जायला लागले. तिला त्या अंगठ्यांचासुद्धा राग आला. सासूचा आला. नियम करणारीने हा दिवस का नाही बघून ठेवला? दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. पण हे कुठे तिचं दार होतं, ही तर कचेरी होती.

आग्नेल तिच्यापुढे येऊन गुडघ्यांवर बसला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

तेव्हा ती उठली. तिने त्याचं डोकं भिंतीला टेकवलं, पदर गुंडाळलेले दोन्ही अंगठे त्याच्या मागच्या दाढांवर ठेवले आणि बोटांनी हनुवटी खालून धरली. त्याच्या तोंडापाशी वाकून ती हळू आवाजात त्याला जे काय बोलायचं ते बोलली. ते कोणाला ऐकू गेलं नाही आणि ते इथे लिहिण्याजोगंही नव्हतं. मग खाली दाब दिला, पुरता, खांद्यांच्या जोराने, आणि मागे लोटलं. खट्ट आवाज झाला. तिने अंगठे झटकन बाहेर काढले, कारण दात मिटतात ते सापळ्यागत मिटतात.

गडबड ऐकून मामलेदार चहाचा पेला हातात घेऊन दारात येऊन उभे होते. तिने त्यांना बघितलं नव्हतं. तिचा कान आग्नेलच्या जबड्याशी होता.

"म्हण," ती म्हणाली. "क्रुसापासून."

आग्नेलने थुंकी गिळली. डोळे मिटून तो म्हणायला लागला. "क्रूस. बावखल. बॅप्टिस्टची पानवेल. मेरीची वांगी. जयवंतीबाईचे चिकू. कॅथरिनची केळी. माझं घर."

बावखलातला, म्हणजे गावतळ्यातला, 'ब' ओठांवर नीट मिटला, 'त' दातांवर नीट टेकला, 'क' घशातून स्वच्छ आला. ती नावं ऐकतच नव्हती, सांधा ऐकत होती. बसलाय, ती म्हणाली, आणि पदराने हात पुसत जाग्यावर येऊन बसली. मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. अर्ध्या तासातली वीस मिनिटं अजून बाकी होती.

आत आग्नेल उभा राहिला आणि पढवलेलं बोलला. एकदम स्पष्ट. वाडी राव स्वतः कसतात, कॅथरिन मजुरीवर येते, आपण शेजारी असल्याने रोज बघतो. कॅथरिनने बसवलेल्या जबड्यातून एकेक अक्षर सुटं सुटं बाहेर पडत होतं. ती बाकाची कड धरून ऐकत राहिली आणि तिला वाटलं, ह्या हातांनी आज जे केलं त्यापेक्षा हे हात मोडले असते तर बरं.

मामलेदारांनी लिहून घेतलं नाही. पेला बाजूला ठेवून त्यांनी आग्नेलला सांगितलं की मघाशी व्हरांड्यात काय म्हणत होतात, ते परत म्हणा.

वकील उभा राहिला. ती साक्ष नव्हती, उपचार होता, असं तो म्हणाला. मामलेदार म्हणाले, असू दे. क्रुसापासून म्हणा.

आग्नेलने जगन्नाथरावांकडे बघितलं. मग सुरुवात केली. "क्रूस. बावखल. बॅप्टिस्टची पानवेल. मेरीची वांगी." तो हळू व्हायला लागला. "जयवंतीबाईचे चिकू."

आणि थांबला. तोंड अर्धवट उघडं, जीभ टाळ्याला लागायच्या बेतात, आणि आवाज नाही. वकील घाईघाईने म्हणाला की साहेब, जबडा परत निसटला, साक्षीदार बोलण्याच्या स्थितीत नाही.

कॅथरिन उठली. तिला कोणी उठायला सांगितलं नव्हतं.

"निसटलेला नाही," ती म्हणाली. घरच्याच बोलीत म्हणाली, पण जबडा बसलेल्या माणसाकडून म्हणवून घेते तशी, एकेक शब्द वेगळा ठेवून. "सांधा मी बसवलाय. माझ्याकडून काही राहिलेलं नाही. आता तोंड उघडं आहे ते त्याचं त्याने ठेवलंय."

मामलेदारांना ह्या वेळी दुभाषा लागला नाही. त्यांनी विचारलं, "बाई, जयवंतीबाईच्या चिकूंनंतर काय येतं?"

"माझी केळी," कॅथरिन म्हणाली. "नंतर विहीर, माझ्या सासऱ्याने खणलेली. नंतर ह्याचं घर. ह्याच्या चुलीवर आज जे पाणी उकळलं ते त्या विहिरीचं आहे."

मामलेदारांनी आग्नेलला विचारलं, बाई म्हणते ते खरं का. आग्नेलने मान खाली घातली आणि ती हो म्हणून हलवली. एवढा बसवलेला जबडा, पण 'हो' म्हणायला त्याने तो वापरला नाही. मामलेदारांनी कारकुनाला सांगितलं, 'खुद्द' काढा, कूळ म्हणून बाईचं नाव लावा. जगन्नाथराव उठून चालते झाले. वकील कागद गोळा करत होता, त्याला इंग्रजीत काही सुचल्यासारखं दिसलं नाही.

पायऱ्यांवर आग्नेल तिची वाट बघत उभा होता. गालाला हात लावलेला. त्याने सांगितलं, कॅथरिनबाय, ठणकतंय.

मास्तरांना वाटलं, आता ही बाई त्याला पायऱ्यांवरून खाली ढकलते. तिला ढकलायचंच होतं. तिने त्याचा हात गालावरून काढला, कानाखाली दोन बोटं दाबून बघितलं आणि सांगितलं की तीन दिवस पेज प्यायची, कडक काही चावायचं नाही, जांभई आली तर हनुवटी हाताने धरायची.

"आणि पाणी?" आग्नेलने विचारलं.

"पाणी ने," ती म्हणाली. "पण कळशी सोडायच्या आधी विहिरीवर उभा राहा आणि मला ऐकू येईल असं क्रुसापासून म्हण. रोज. सगळ्या वाड्या. माझी वगळून नाही."

मग पदर खोचून ती पुढे निघाली, आणि मास्तरांना तिला गाठायला गिरिजपर्यंत जवळजवळ धावावं लागलं.